मदत हवी आहे: फुप्फुसातल्या बुरशीच्या गोळ्याचं ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी,

मामांसाठी विचारतोय. वय ५८, सातारा जिल्ह्यात शेती, शुगर आहे. २०११ साली टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला, पण उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला पोकळी राहिली ती राहिलीच. दिवाळीपासून खोकल्यातून रक्त पडायला लागलं. टीबी उलटला म्हणून बेडका तपासायच्या आधीच जुन्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. यात दोन महिने गेले, त्याचा राग अजून आहे. सीबीनॅट (बेडक्यातली टीबीची चाचणी) निगेटिव्ह आलं आणि सीटी स्कॅनमध्ये पोकळीत बुरशीचा गोळा दिसला. अ‍ॅस्परजिलोमा.

मागच्या आठवड्यात वाटीभर रक्त पडलं. रातोरात पुण्याला आणलं. जांघेतून नळी घालून रक्तवाहिनी बंद केली (एम्बोलायझेशन). रक्त थांबलंय, परवा घरी सोडलं.

सर्जन म्हणतात, ही तात्पुरती सोय. नव्या वाहिन्या फुटतात, रक्त पुन्हा पडू शकतं. गोळ्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, औषध आत पोचत नाही, म्हणून फुप्फुसाचा वरचा भागच (लोब) काढू. छातीचे डॉक्टर म्हणतात, पोकळीची भिंत जाड आहे, फुप्फुस बरगड्यांना चिकटलंय, सोडवताना खूप रक्त जाईल. आधी सहा महिने इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) देऊन बघू. ते सुरू केलंय. दोघेही ठाम, मधे आम्ही.

असं ऑपरेशन कुणाच्या घरी झालंय का? नंतर दम किती राहिला? कृपया २०२१ च्या काळ्या बुरशीचे अनुभव नकोत. ती म्युकर, वेगळी बुरशी, तिथे दिवसांची घाई असते. नातेवाईक रोज तेच ऐकवतायत.

प्रतिसाद १
वडिलांचं झालंय. लोब काढल्यावर हवा गळत राहिली, छातीतली नळी १९ दिवस होती. आता जिना चढतात, मधे एकदा थांबून. दमाची चाचणी (पीएफटी) बघूनच सर्जननी होकार दिला होता, ती झाली का? आणि एक, त्या टीबीच्या गोळ्या बंद झाल्यात ना? त्यातलं रिफाम्पिसिन (ती लाल गोळी) चालू असेल तर इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. कॅप्सूल असेल तर भरल्या पोटी, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

धागाकर्ता
पीएफटी सोमवारी आहे. आत्ता मामीला फोन केला. सकाळची लाल गोळी अजून चालूच आहे, "कुणी बंद कर म्हटलंच नाही" म्हणाली. डॉक्टरांना फोन लावतोय.