घर घेताना वकिलाने घातलेला घोळ : तुमचे अनुभव लिहा

मखमलाबादकर:
काल भाच्याचा फोन. "मामा, फ्लॅट पसंत केलाय, तुझ्या वकिलाचा नंबर दे." माझ्या वकिलाचा! डोकंच फिरलं. इंदिरानगरच्या फ्लॅटच्या खरेदीखतात साहेबांनी सर्व्हे नंबर दुसऱ्याच बिल्डिंगचा टाकलेला. जुन्या कुणाच्या तरी दस्तात नावं बदलून काम उरकलं, चतुःसीमाही त्यांच्याच. कळलं कधी, तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना. चूक दुरुस्ती लेख करायचा तर विकणाऱ्यांचीही सही लागते, आणि ते तोवर लेकाकडे बंगळुरूला. साहेब म्हणतात, "किरकोळ टायपिंग मिस्टेक." वर दुरुस्तीची फी वेगळी मागितली. लिहा तुमचंही. नावं नकोत.

द्राक्षबाग:
फी मागितली?? धन्य _/\_

अशोकस्तंभ:
आमचे विकणारे काका मध्येच वारले. मग सगळ्या वारसांच्या सह्या. सगळे एकत्र भेटले ते थेट रामकुंडावर, दहाव्याला. तिथे कागद काढायला जीभ रेटेना हो. नंतर एकेकाच्या दारात गेलो. धाकटी मुलगी अजून "बघू" म्हणतेय.

आडगावची सून:
३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींची तपासणी, म्हणून पैसे घेतले, रिपोर्टात "बोजा नाही". सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा ढळढळीत!! ऑनलाइन फुकट दिसतो सातबारा. सासऱ्यांनी चष्मा लावून मोबाइलवर शोधला. कुकर लावलाय, उरलेलं नंतर लिहिते.

गोदाकाठ:
ग्राहक मंचात खेचा सरळ.

सिडकोवाला:
नाही चालत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलंय, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार, भरपाई हवी तर दिवाणी दावा.

गोदाकाठ:
म्हणजे वकिलावर वकील लावायचा 😂 निकाल नातू ऐकणार.

मीनाक्षी_नारो:
माझ्या पगारातून घेतलेलं घर. वकील म्हणाले, "मिस्टरांचंही नाव असू द्या, बरं दिसतं." बायकांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत असते, पण खरेदीदार फक्त बायकाच असतील तर, हे सांगितलंच नाही. ४० लाखांवर ४० हजार गेले. मिस्टर तेव्हापासून गप्प आहेत, तेवढा फायदा.

द्राक्षबाग:
मीनाक्षीताई 😂😂

काळा_कोट:
मी वकील आहे, शिव्या खायला तयार. पण पक्षकार आदल्या रात्री अकराला व्हॉट्सॲपवर तिरके फोटो पाठवतात, "मॅडम, उद्याचं नोंदणीचं टोकन आहे." मिळकतीचं वर्णन असलेलं परिशिष्ट कुणी वाचत नाही, पहिल्या पानावर आपलं नाव बघतात आणि सही. तरी सर्व्हे नंबर चुकणं अक्षम्य आहे, आणि फी मागणं तर निर्लज्जपणा.

मखमलाबादकर:
ताई, आम्ही सगळे कागद महिनाभर आधी हातात दिले होते.

काळा_कोट:
मग बोलणंच खुंटलं.

गोदाकाठ:
कुणीतरी चांगला वकील सुचवा. व्यनि (खासगी निरोप) केला तरी चालेल.

पाथर्डीफाटा:
काळा_कोट ताई, आमच्या खरेदीखतावर सह्या होऊन तीन महिने झाले. नोंदणी कधीही करता येते ना? वकील म्हणतात, करू निवांत.

काळा_कोट:
निवांत कसलं! सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड पडतो, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. उद्याच जा.

पाथर्डीफाटा:
उद्या रविवार आहे ताई.