१२ मीटरची कॅटमरान: जनरेटर, एसी, वॉटरमेकर सगळं बसवावं का?

नवा_खलाशी
नमस्कार मंडळी, १२ मीटरची जुनी क्रूझिंग कॅटमरान (दोन हलची, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची बोट) घ्यायचं जवळपास ठरलंय, चौघं जण तिच्यावरच राहणार. आधीच्या मालकाने सोलर आणि लेड ॲसिड बॅटऱ्यांवर भागवलंय. मला जनरेटर, एसी, वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र), वॉशिंग मशीन सगळं टाकायचंय, दोन्ही हलमधे लॉकर रिकामेच आहेत. सुरुवात कुठून करू?

शिडवाला
ते लॉकर रिकामेच राहू द्या, खरंच सांगतो. कॅटला बॅलास्ट (तळाशी मुद्दाम ठेवलेलं वजन) नसतं आणि हल अरुंद असतात म्हणून ती पळते. तुमच्या साइजला दोन्ही हलचं मिळून पाण्याच्या रेषेवर साधारण २० चौरस मीटर क्षेत्रफळ धरा, म्हणजे २०० किलो चढवले की बोट १ सेंमी खाली बसणार. तुमची यादी, डिझेल, पाणी, साखळी, चौघांचं सामान, टनभर कधी होतं कळत पण नाही, गेले ५ सेंमी. ब्रिजडेकखाली, म्हणजे दोन हल जोडणाऱ्या मधल्या भागाखाली, मुळात ६०-७० सेंमीच मोकळे असतात, ते घटले की समोरची लाट खालून आदळते, धाडकन, टेबलावरचे कप उडतात आणि रात्रभर झोप नाही. बोट बघायला जाल तेव्हा शेवाळ कुठवर चढलंय ते बघा, तळाच्या रंगाच्या पट्ट्याच्या वर असेल तर ती आत्ताच ओव्हरलोड आहे.

बारा_व्होल्ट
शिडवाला दादांशी सहमत, फक्त वॉटरमेकर काढू नका. तो उलट वजन वाचवतो, टाक्या काठोकाठ भरून हिंडावं लागत नाही. एनर्जी रिकव्हरीवाला (बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबातली ऊर्जा परत वापरणारा) घ्या, लिटरला साधारण ४ वॅट-तास लागतात, सोलरवर आरामात चालतो. वॉटरमेकर आतून धुवायला (फ्लश) टाकीतलं पाणी वापरणार असाल तर मधे कार्बन फिल्टर हवाच, क्लोरीनने मेंब्रेन (मीठ गाळणारा पडदा) खराब होतं.
बॅटऱ्या मात्र बदला. लेड ॲसिड ४०० एएच (अँपिअर-तास) असली तरी निम्मीच वापरायची, तेवढंच काम लिथियम २५० एएच करते आणि वजनात ७०-८० किलोचा फरक पडतो. पण इंजिनचा अल्टरनेटर थेट लिथियमला जोडू नका!! ती मागेल तेवढा करंट खेचते, माझा अर्ध्या तासात इतका तापला की वार्निश जळल्याचा वास केबिनपर्यंत आला. मधे करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर टाका.

शिडवाला
एक राहिलं, वजनाचा संबंध शिडाशी पण आहे. मोनोहल (एका हलची बोट) वाऱ्याचा झोत आला की कलते, कळतं आपल्याला. कॅट कलतच नाही, हलकी असेल तर झोताबरोबर वेग घेते, जड असेल तर सगळा ताण मास्ट (डोलकाठी) आणि शराउडवर (तिला बाजूने धरणाऱ्या तारांवर). म्हणून रीफ (शीड लहान करणं) वाऱ्याचा आकडा बघूनच करायचा, बोट सांगेल म्हणून थांबायचं नाही.

नवा_खलाशी
खूप आभार! फोटो झूम करून बघितले, पुढे पट्टा स्वच्छ आहे पण मागे शेवाळ चांगलं चार बोटं वर आहे. जनरेटर, एसी, वॉशिंग मशीन रद्द. मागे डिंगी (छोटी होडी) आणि सोलरची कमान आहे, त्याचंच वजन का?

बारा_व्होल्ट
बहुतेक तेच, त्यात इंजिनं पण मागेच असतात. नवी बॅटरी बँक मधे सलूनखाली (बैठकीच्या खोलीखाली) बसवा, मागच्या लॉकरमधे नको. ट्रायलला मागच्या पायऱ्यांवर उभे रहा, पाणी खळखळ करत पायरीवर चढत असेल तर मागचं सामान आधी काढायला लावा, मगच भावाचं बोला.