मुलांच्या एपीएलमध्ये (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) खरंच किमो लागत नाही का?

प्रश्न – जुळे सोलापूर
भाची ९ वर्षांची. पीएमएल-रारा (एपीएलची खूण असलेलं बिघडलेलं जनुक) पॉझिटिव्ह, पांढऱ्या पेशी ३,२००. डॉक्टर म्हणतात, नेहमीची किमो नको. आट्रा (व्हिटॅमिन ए पासून बनलेलं औषध) कॅप्सूल आणि आर्सेनिकचं सलाईन पुरेल. पुढचे डोस सोलापुरातच घेता येतील का?

उत्तर – हिमॅटो
बरोबर सांगितलंय. पांढऱ्या पेशी १०,००० च्या खाली असतील तर मुलांतही हेच करतात. आट्रा २५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, रोज दोन भागांत, आर्सेनिक ०.१५ मिग्रॅ प्रति किलो, साधारण २ तास सलाईनमधून. ही औषधं बिघडलेल्या पेशींना पिकवतात आणि पीएमएल-रारा प्रथिन मोडतात. आजार आटोक्यात आला की आर्सेनिक आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे चालू, ४ बंद, अशा ४ फेऱ्या. आट्रा २ आठवडे चालू, २ बंद.

पण खरा धोका पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तो रक्तस्रावाचा. प्लेटलेट ३० ते ५० हजारांवर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) १५० च्या वर ठेवावं लागतं. स्नायूत इंजेक्शन अजिबात नको. एवढा काळ रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या केंद्रातच काढा.

उत्तर – वॉर्ड सिस्टर
ताप, दम, एकदम वाढलेलं वजन, सूज दिसली की लगेच कळवा. हा डिफरन्सिएशन सिंड्रोम, म्हणजे पेशी पिकताना शरीरात उठणारी प्रतिक्रिया. डेक्सामेथासोन त्याच तासाला सुरू करतात, एक्स-रेची वाट पाहत नाहीत. वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर. डोकं खूप दुखून उलटी, दोन-दोन दिसणं, हा आट्राचा त्रास. कॅप्सूल जेवणासोबत द्या, ताटात तूप असू द्या.

उत्तर – फार्मसी
सोलापुरात सलाईन देताना ईसीजी विसरला, तर तिथेच घोटाळा होतो. आर्सेनिकने क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) लांबतो, आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियम ४ आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर हवं. उन्हाळ्यात जुलाब लागले की दोन्ही घसरतात. उलटीसाठी ओन्डान्सेट्रॉन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, हीही क्यूटी लांबवतात; कुणी सहज लिहून दिलं तरी आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. व्हिटॅमिन ए चं टॉनिक बंद.

प्रश्न – बार्शी रोड
आमच्या मुलाला एएलएल (रक्ताच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार) आहे. त्यालाही चालेल?

उत्तर – हिमॅटो
नाही. एएलएलमध्ये काही मुलांना इमॅटिनिब किंवा ब्लिनाटुमोमॅब ही औषधं देतात, पण किमोच्या जोडीला. पीएमएल-रारा नसेल तर आर्सेनिकचा इथे उपयोग नाही. किमो थांबवू नका. आणि भाचीच्या पांढऱ्या पेशी उपचार चालू असताना वाढल्या, तर हायड्रॉक्सीयुरिया, क्वचित इडारुबिसिन ही किमोची औषधंही द्यावी लागतात, तेव्हा घाबरू नका.