वसाहतीतील घरफोड्या थांबवण्यासाठी पोलिसांकडे नेमके काय मागावे आणि आपण काय करावे?

प्रश्न

एका लहान शहरातील सुमारे दोनशे घरांच्या वसाहतीच्या समितीचे काम मी पाहते. गेल्या चार महिन्यांत आमच्याकडे नऊ घरफोड्या झाल्या. त्यांतील एका वृद्ध दांपत्याच्या घरी चोर दोनदा आले. पहिल्या खेपेस मागच्या खिडकीचे गज वाकवून ते आत शिरले होते. गज सरळ करून घेतले, पण कुजलेली चौकट तशीच राहिली आणि सहाव्या दिवशी त्याच खिडकीतून उरलेसुरले सामानही गेले. आजींनी मला चौकटीवरच्या कटावणीच्या खुणा दाखवल्या, एक जुनी आणि तिच्या बोटभर खाली दुसरी ताजी. मधल्या सहा दिवसांत आपल्यापैकी कोणीही त्या घरी फिरकले नाही, हे त्या वेळी माझ्या मनाला फार लागले.

पोलीस ठाण्यात आम्ही दोन वेळा निवेदन दिले आणि रात्रीची गस्त वाढवण्याची मागणी केली. पंधरा दिवस गाडी नियमित आली, मग बंदोबस्ताची कामे निघाली आणि ती येईनाशी झाली. ठाण्यात माणसे कमी आहेत हे दिसते, त्यामुळे केवळ दोष देऊन काही साधेल असे वाटत नाही. वसाहतीत सध्या तीन मते आहेत. काहींना सगळीकडे कॅमेरे हवे आहेत, काहींना तरुणांचे रात्रीचे गस्तपथक हवे आहे, आणि काहींच्या मते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसा आहे. त्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात ‘संशयित’ म्हणून एका मुलाचे छायाचित्र फिरले. तो शेजारच्या गल्लीत शिकवणीला येणारा विद्यार्थी निघाला आणि त्यानंतर तीन दिवस तो शिकवणीला आलाच नाही. अशा स्थितीत सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

मी पोलीस खात्यात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. ‘गस्त वाढवा’ ही मागणी आमच्याकडे सर्वांत जास्त येत असे. ती मान्य करणे सोपे असते, पण तिचा उपयोग लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर या समजुतीची कसोटी घेतली गेली. शहराच्या एका भागातील १५ बीटचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या विभागांचे, तीन गट पाडले. पहिल्या गटात नेहमीची गस्त बंद करून केवळ बोलावणे आल्यावर गाडी पाठवली, दुसऱ्यात पूर्वीइतकीच गस्त ठेवली आणि तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. वर्षाअखेरीस तिन्ही गटांतील गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि गस्त कमी-जास्त झाल्याचे बहुतेक रहिवाशांच्या ध्यानातही आले नव्हते.

यावरून पोलीस निरुपयोगी ठरतात असा अर्थ काढणे चुकीचे होईल. गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात, म्हणून सगळीकडे सारखी फिरणारी गाडी बहुतेक वेळ जेथे काही घडणारच नव्हते तेथे फिरत असते. मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या बोलावण्यांचा हिशेब मांडला तेव्हा सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मी बोलावणी आल्याचे दिसले. त्याच शहरात पुढे अशा ११० ठिकाणांपैकी निम्म्या ठिकाणी पोलिसांची हजेरी वाढवून पाहिली, आणि तेथे बोलावणी कमी झाली. अशा जागी किती वेळ थांबावे याचाही अभ्यास झाला आहे. पोलीस दहा ते पंधरा मिनिटे थांबून निघून गेले तर त्यांचा प्रभाव ते गेल्यावरही काही काळ टिकतो, त्यापेक्षा जास्त थांबल्याने मात्र त्या प्रमाणात लाभ वाढत नाही. ज्या ठाण्याकडे एकच गाडी आहे, त्याच्यासाठी ही मोठी उपयोगाची गोष्ट आहे, कारण रात्रभर फिरण्याऐवजी चार नेमक्या जागी पाव-पाव तास थांबणे कमी मनुष्यबळातही जमते.

तेव्हा ठाण्यात जाताना गाडी मागण्यासाठी जाऊ नका, माहिती घेऊन जा. नऊही घटनांचा एक तक्ता करा. घर कोणत्या बाजूचे, चोर कोठून आत आले, घर केव्हापासून केव्हापर्यंत बंद होते, शेवटचा माणूस किती वाजता बाहेर पडला, परत आल्यावर काय उघडे दिसले, हे सारे त्यात यावे. फिर्यादीत ‘दि. अमुक ते तमुकच्या दरम्यान’ असे मोघम लिहिलेले असते आणि त्या दोन तारखांच्या मधले तास कोणी विचारत नाही. मी स्वतःही उमेदवारीच्या काळात विचारत नसे. खरे सांगायचे तर घरफोडीचा पॅटर्न बहुतेकदा त्या तासांतच दडलेला असतो.

दुसरी मागणी अशी करा की तुमच्या बीटचा अंमलदार किमान वर्षभर बदलू नये आणि त्याने आठवड्यातून एकदा पायी फिरावे. पायी गस्तीने गुन्हे आपोआप घटतात असे नाही. न्यूअर्क शहरातील प्रयोगाच्या १९८१ मधील अहवालात गुन्ह्यांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिल्याचे नोंदले आहे, पण त्या भागातील लोकांना अधिक सुरक्षित वाटू लागले होते. याउलट फिलाडेल्फियात २००९ साली निवडक ६० ठिकाणी पायी गस्त ठेवली तेव्हा हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी घटले. फरक जागा निवडण्यात होता. माझ्या अनुभवात पायी फिरणाऱ्या हवालदाराला गाडीतल्या साहेबापेक्षा चौपट माहिती मिळते, कारण लोक गाडी थांबवून बोलत नाहीत, पण फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाशी बोलतात.

दुसरे उत्तर

मी घरबांधणी आणि नागरी वस्त्यांच्या क्षेत्रात काम करते. प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला ते सहा दिवस वाटतात. एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याचा धोका इतर घरांपेक्षा बराच जास्त असतो आणि तो पहिल्या काही दिवसांत व आठवड्यांत सर्वाधिक असतो. चोराला वाट माहीत झालेली असते, आत काय राहिले आहे हेही ठाऊक असते. शिवाय गेलेल्या वस्तूंच्या जागी लवकरच नव्या येतील असा त्याचा अंदाज असतो. लगतच्या घरांनाही काही काळ असाच धोका राहतो.

इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८६ साली सुरू झालेला प्रकल्प नेमका याच गोष्टीवर उभा होता. तेथे सगळ्या वसाहतीवर पहारा ठेवण्याऐवजी ज्यांच्याकडे नुकतीच चोरी झाली होती, त्यांच्याकडेच सारे लक्ष दिले गेले. कार्यकर्ते त्या घरी जाऊन बोलत आणि चोर ज्या वाटेने शिरला ती दारे-खिडक्या पक्क्या करून दिल्या जात. अनेक घरांत वीज-गॅसचे नाणी टाकून चालणारे मीटर होते आणि चोर त्यांतली रोकड फोडून नेत, म्हणून ते मीटरच काढून टाकण्याची व्यवस्था झाली. त्याबरोबर त्या घराभोवतीच्या सहाएक शेजाऱ्यांना त्या एका घराकडे लक्ष ठेवण्याची विनंती केली गेली. पहिल्या पाच महिन्यांतच घरफोड्या आधीच्या सुमारे ४० टक्क्यांवर आल्या, आणि एकदा फुटलेली घरे पुन्हा फुटणे जवळजवळ थांबले.

मला यात सर्वांत भावते ती शेजाऱ्यांची लहानशी संख्या. दोनशे घरांनी दोनशे घरांवर लक्ष ठेवायचे म्हटले की आठ दिवसांत सगळे थकतात आणि लक्ष कोणाचेच राहत नाही. सहा घरांनी सहा आठवडे एका खिडकीकडे पाहायचे, हे मात्र माणसाला झेपते. आजी-आजोबांच्या बाबतीत हे आजच सुरू करा, समितीच्या ठरावाची वाट पाहू नका. ती चौकट बदलल्याशिवाय नुसते गज सरळ करण्याला अर्थ नाही, कारण कुजक्या लाकडातून गज मुळासकट निघतात. नवी चौकट भिंतीत पक्की बसली आहे ना, गज आरपार गेले आहेत ना, हे कोणीतरी समोर उभे राहून पाहावे.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात लिहिते. २००९ पर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा कॅमेऱ्यांचा मोठा परिणाम, म्हणजे जवळपास निम्म्याने घट, वाहनतळांवर दिसला. रहिवासी भागांत तसा ठोस परिणाम दिसला नाही. पैसे मर्यादित असतील तर ते आधी खिडक्या, कड्या आणि दिव्यांवर खर्च करावेत.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण गस्तपथक आणि ग्रुपवरचे छायाचित्र यांविषयी कोणी काही लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी वकील आहे आणि अशा प्रकरणांत दोन्ही बाजूंनी काम केले आहे.

शेजाऱ्यांच्या संघटित दक्षतेचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. अनेक ठिकाणच्या अशा योजनांचा २००८ मधील एक आढावा गुन्ह्यांत १६ ते २६ टक्के घट दाखवतो. प्रश्न आहे तो दक्षता कोठे संपते आणि पाठलाग कोठे सुरू होतो याचा. फ्लोरिडातील सॅनफर्ड या लहान शहरात फेब्रुवारी २०१२ मध्ये वसाहतीच्या दक्षता गटातील एका स्वयंसेवकाला एक मुलगा संशयास्पद वाटला. त्याने पोलिसांना फोन केला, इथपर्यंत त्याचे वागणे योग्य होते. तो मुलाच्या मागे जात आहे हे कळल्यावर फोनवरील कर्मचाऱ्याने तसे करण्याची गरज नसल्याचे त्याला सांगितले. त्यानंतर काही मिनिटांतच ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा त्याच्या गोळीने ठार झाला. हा मुलगा त्याच वसाहतीत पाहुणा म्हणून राहत होता. आपल्या राज्यातही १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. तुमच्या ग्रुपवर फिरलेले छायाचित्र याच वाटेवरचे पहिले पाऊल होते, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

त्यामुळे ग्रुपसाठी एक नियम आजच करा. माणसाचे वर्णन टाकायचे नाही, कृतीचे टाकायचे. ‘अनोळखी मुलगा फिरतो आहे’ हा संदेश चालणार नाही. ‘अमुक क्रमांकाच्या बंद घराच्या मागच्या कुंपणावरून कोणीतरी आत उतरले’ हा चालेल, पण तोही आधी पोलिसांच्या क्रमांकावर आणि नंतर ग्रुपवर गेला पाहिजे. छायाचित्र कोणाचेही टाकू नये. गस्तपथक करायचेच असेल तर त्यात काठ्या नसाव्यात, कोणाला अडवण्याचा किंवा झडती घेण्याचा अधिकार आपल्याला आहे असा समज नसावा, आणि पथकातील सर्वांची नावे ठाण्यात दिलेली असावीत.

आणि त्या विद्यार्थ्याच्या घरी समितीने जावे. माफी त्याच ग्रुपवर लिहावी, जेथे त्याचे छायाचित्र फिरले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन दिवस घरोघर जाऊन तक्ता केला आणि जे समोर आले त्याने आम्ही सगळेच चकित झालो. नऊपैकी सहा घरे सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान फुटली आहेत. चोरी रात्री परतल्यावर लक्षात आली, म्हणून ती रात्रीच झाली असे आम्ही धरून चाललो होतो. म्हणजे ज्या चोऱ्यांसाठी आम्ही दोनदा निवेदन देऊन रात्रीची गस्त मागितली, त्यांतल्या बहुतेक भरदिवसा झालेल्या होत्या. आणखी एक गोष्ट अशी की सात घरांची मागची बाजू ओढ्याकाठच्या पाऊलवाटेवर येते. त्या वाटेवर घाणेरीची झुडपे खांद्याइतकी वाढली आहेत आणि ती पलीकडच्या रस्त्यावरून कोणालाही दिसत नाही.

विद्यार्थ्याच्या घरी काल संध्याकाळी आम्ही तिघे जाऊन आलो. त्याच्या आईने आम्हाला घरात घेतले, पण तो स्वतः बाहेर आला नाही. ग्रुपवर माफी लिहिली आहे.

पहिल्या उत्तरदात्याचा प्रतिसाद

हा तक्ता म्हणजे अर्धा तपास आहे. तो बीट अंमलदाराच्या हाती देऊ नका, त्याला पाऊलवाटेवर बोलवा आणि तेथे उभे राहून दाखवा, कारण कागद फायलीत जातो आणि पाहिलेली जागा लक्षात राहते. गस्तीची वेळ दुपारची मागा. झुडपे तोडणे हे पोलिसांचे काम नव्हे, त्यासाठी नगरपालिकेकडे वेगळा अर्ज करा आणि त्याची प्रत ठाण्यात द्या. अंमलदाराला एक गोष्ट अवश्य विचारा: अशाच पद्धतीच्या चोऱ्या ओढ्याच्या दुसऱ्या काठावर झाल्या आहेत का? झाल्या असतील तर तेथील लोकांनाही सोबत घ्या. तीन महिन्यांनी हाच तक्ता पुन्हा भरा आणि आकडे घटलेले नसतील तर तसे स्पष्ट सांगून उपाय बदला. आमच्या खात्यात हा शेवटचा टप्पा नेहमी राहून जातो.

प्रश्नकर्ती

अंमलदारांनी गुरुवारी दुपारी बारा वाजता पाऊलवाटेवर भेटण्याचे कबूल केले आहे. ओढ्यापलीकडे दोन चोऱ्या झाल्याचे त्यांनी फोनवरच सांगितले, तेव्हा तेथील दोघांनाही बोलावले आहे. आजींच्या शेजारच्या पाच घरांनी दुपारच्या वेळा वाटून घेतल्या आहेत. नवी चौकट उद्या बसेल आणि सुतार काम संपवून जाईपर्यंत मी तेथे थांबणार आहे.