सेल्स हेड झालो, तरी महिनाअखेरीला फोन मलाच लावावे लागतात

विक्री_मिरज
नमस्कार. कांदा-लसूण आणि घाटी मसाल्याचा छोटा कारखाना आहे. सांगली, कोल्हापूर, सातारा मिळून ११ स्टॉकिस्ट (आमचा माल घेऊन दुकानांना पुरवणारे), ६ सेल्समन. जानेवारीत मॅनेजरचा सेल्स हेड झालो, काम मात्र तेच राहिलं. २५ तारीख उलटली की टार्गेट भरायला स्टॉकिस्टना मीच फोन लावतो. मार्चला बिलिंग जोरात झालं, एप्रिल-मेमध्ये कोणी माल उचलेना. मालक म्हणतात, टीम ढिली पडलीय. आता पुण्यात शिरायचं आहे, तिथे 'बारावर एक' (१२ पाकिटांवर एक फुकट) स्कीम द्यावी असं चाललंय. सुरुवात कुठून करू?

गोदाम_हिशोब
टीमला बोल लावण्याआधी स्टॉकिस्टचा हिशोब मांडा. समजा एकाची महिन्याची खरेदी ३ लाख. गोदामात १५ दिवसांचा माल, म्हणजे दीड लाख. बाजारात १० दिवसांची उधारी, म्हणजे १ लाख. अडकले अडीच लाख. ७ टक्के मार्जिनने २१,००० सुटतात, त्यातून टेम्पो, पोऱ्या, भाडं, फुटलेली पाकिटं असे १३,००० गेले की हातात ८,०००. महिन्याला ३.२ टक्के. मार्चला तुम्ही आणखी १५ दिवसांचा माल दाबून भरला की अडकलेली रक्कम ४ लाख होते आणि तोच परतावा २ टक्क्यांवर येतो. मग तो उरलेला पैसा दुसऱ्या कंपनीच्या बिस्किटात घालतो आणि तुमचा फोन टाळतो.

त्यात तुमच्या भागात मार्च ते मे घरोघरी वर्षाचं तिखट कांडपावरून येतं. पाकीट तेव्हाच कमी खपतं आणि नेमका तेव्हाच तुम्ही माल भरता.

म्हणून प्रायमरी बिलिंगवर, म्हणजे तुम्ही स्टॉकिस्टला विकलेल्या मालावर, टार्गेट लावणं थांबवा. दर सोमवारी प्रत्येक स्टॉकिस्टचा क्लोजिंग स्टॉक (उरलेला माल) घ्या, पाकिटाच्या साइझप्रमाणे वेगळा. ओपनिंग (आठवड्याच्या सुरुवातीचा माल) अधिक खरेदी वजा क्लोजिंग, ही झाली सेकंडरी, म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेला माल. टार्गेट आणि इन्सेंटिव्ह दोन्ही तिच्यावर. २० दिवसांच्या वर माल पडून असेल तर त्या स्टॉकिस्टचं बिल फाडायचंच नाही. पहिले दोन महिने आकडा पडेल. मालकांना ते आधी सांगून ठेवा, मागून सांगितलं तर सबब वाटते.

बीटवाली
फोन तुमच्याकडे येतात, कारण सेल्समनच्या हातात काहीच नाही. लेखी मर्यादा द्या: २ टक्क्यांपर्यंत सूट, एका दुकानाला ३,००० पर्यंत उधारी आणि खराब पाकिटं बदलून देणं हे तो जागेवर ठरवेल, नंतर फक्त कळवेल. त्यापुढचं तुमच्याकडे. चुकला तर मर्यादा काढून घेऊ नका, हिशोब समोर बसून करा.

आठवड्यातला एक दिवस त्याच्यासोबत बीटवर (ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर) जा, पण दुकानात ऑर्डर तुम्ही घेऊ नका. साहेब आलेत म्हणून दुकानदार एक पेटी जास्त घेतो आणि पुढच्या वारी परत करतो. तुम्ही बघायचं ते असं: मागच्या फळीवरची जुनी पाकिटं तो पुढे काढतो का, पावसाळ्यात गठ्ठे धरलेलं पाकीट बाजूला करतो का, ५ रुपयांच्या पुड्यांची लडी दाराशी टांगली आहे की गल्ल्यामागे. बाहेर पडल्यावर एकच सुधारणा सांगा.

दिवसाला ३५-४० दुकानं, आठवड्याच्या ६ बीट, प्रत्येक दुकानाचा वार पक्का. वार चुकला की दुकानदार तेवढ्या जागेत शेजारच्या ब्रँडचा माल लावतो.

दरपत्रक
पुण्याचं बोलतो. एमआरपी १००. दुकानदाराचे एमआरपीवर १५ टक्के, त्याला माल ८५ ला. स्टॉकिस्ट ७ टक्के चढवतो, त्याला पडतो ७९.४४. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की कारखान्याला ७५.६६. बारावर एक म्हणजे १३ पाकिटांना १२ चे पैसे, उरले ६९.८४. पुण्याचं भाडं आणि नव्या सेल्समनचा पगार यातूनच जायचा. स्कीम बंद केलीत की दुकानदाराला ती भाववाढच वाटते. शिवाय पुण्यातला स्वस्त माल मागच्या दाराने साताऱ्यात उतरतो आणि तिथला जुना स्टॉकिस्ट दुखावतो. पेट्यांवर भागाप्रमाणे बॅच कोड टाका, म्हणजे माल कुठून फिरला ते कळेल.

स्कीमशिवाय, पिंपरी-चिंचवडमध्ये एकच स्टॉकिस्ट आणि साधारण २२० दुकानं घ्या. तुमच्या तिखटाची चव माहीत असलेली घरं तिथे भरपूर आहेत. दुकानाला पहिल्यांदा ६ च पाकिटं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्या दुकानांनी पुन्हा मागवलं नाही, तर दुसरा भाग उघडू नका.

विक्री_मिरज
सगळं पटतंय. पण मार्चचं बिलिंग मालक सोडणार नाहीत, तेव्हाच वर्षाची मिरची भरायची असते.

गोदाम_हिशोब
मग दुखणं विक्रीत नाहीच. ब्याडगी-संकेश्वरीला एकरकमी पैसा लागतो आणि तो तुम्ही स्टॉकिस्टकडून काढताय. हे मालकांपुढे तुम्हीच मांडायला हवं, मॅनेजर असताना ते तुमच्या कामात नव्हतं. शीतगृहात ठेवलेल्या मिरचीच्या गोदाम पावतीवर बँका तारण कर्ज देतात. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तरी दोन महिन्यांचे २ टक्के होतात. मार्चला माल भरायला ४ टक्के जादा सूट सोडत असाल, तर बँक निम्म्यात पडते, आणि एप्रिलची विक्रीही शाबूत राहते. दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून न्या. खरेदीही एका दमात न करता तीन हप्त्यांत होते का ते विचारा. बँकेचे कागद डिसेंबरातच लावा, मिरची बाजारात आल्यावर मंजुरीसाठी वेळ उरत नाही.