'लोड सेंटर'ला मराठीत काय लिहावं?

ओझरकर:
द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टचं माहितीपत्रक मराठीत करतोय. चालकांसाठी आहे, भिंतीवर लागणार. 'क्षमता 1500 किलो, लोड सेंटर 500 मिमी' इथे अडलोय. मी 'भारकेंद्र' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी खोडून 'गुरुत्वमध्य' केलं. गुरुत्वमध्य हा बिंदू. इथे सांगायचंय ते अंतर, काट्यांच्या उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं.

सातपूर_शिफ्ट:
काका, भारकेंद्र तरी कुठे अंतर आहे? तोही बिंदूच. आमच्याकडे सगळे 'सेंटर' म्हणतात. 'पाचशे सेंटरला दीड टन.' तेच लिहा, पोरांना लगेच कळेल.

गोदाकाठ:
लोक म्हणतात तेच छापायचं तर मराठीत करायचंच कशाला? 'भारांतर' घ्या. सुटसुटीत आहे.

निफाडकर:
भाषांतर, रूपांतर, स्थलांतर यांच्या पंगतीत 'भारांतर' बसवलंत तर भार बदलला असा अर्थ निघेल. नको.

सातपूर_शिफ्ट:
शब्द कुठलाही घ्या, खाली उदाहरण द्याच. 1200 × 1000 चं पॅलेट लांबीत उचललं की मालाचा मध्य 600 वर जातो. पुढच्या चाकांच्या आसापासून काट्यांच्या पाठीपर्यंत समजा 400 मिमी. मग 1500 गुणिले 900 (400 + 500) भागिले 1000 (400 + 600), म्हणजे 1350 किलो. दीडशे किलो तिथेच गेले! हा झाला अंदाज; खरा आकडा गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवरूनच घ्यायचा. मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा उभा खांब, उंच गेला की तो आकडाही उतरतो. 'दीड टनी गाडी आहे' म्हणून डोळे मिटून उचलणारे मी रोज बघतो, जीव घाबरतो.

निफाडकर:
'आस' वाचून बरं वाटलं. संस्कृत 'अक्ष'वरून आलेला शब्द, आमच्या गाडीवानांच्या तोंडी रोजचा. माल मागे जास्त भरला की जू वर उचललं जायचं, आजोबा म्हणायचे, 'गाडी उलाळ झाली.' माहितीपत्रकात हेच घाला ना: 'माल पुढे सरकला तर गाडी उलाळेल.'

गोदाकाठ:
दादा, उलाळ मागच्या ओझ्याने होते. इथे ओझं पुढे आणि मागची चाकं उचलली जातात. अगदी उलटं.

निफाडकर:
आसाच्या एका अंगाला भार वाढला की दुसरं अंग उचलतं, एवढाच अर्थ. पुढचं-मागचं कशाला?

सातपूर_शिफ्ट:
मागचं अंग धरून ठेवण्यात बॅटरीचा मोठा वाटा असतो. 48 व्होल्टची लेड-ॲसिड म्हणजे 2 व्होल्टचे 24 सेल, चांगलं जड धूड. म्हणून तर पाटीवर बॅटरीचं किमान वजन दिलेलं असतं. त्याच गाडीत हलकी लिथियम बसवली तर कमी पडलेलं वजन लोखंडाने भरून काढावं लागतं. या काउंटरवेटला काय म्हणायचं?

गोदाकाठ:
प्रतिभार.

निफाडकर:
'पासंग' असताना प्रतिभार कशाला घडवायचा?

गोदाकाठ:
पासंग तराजूची पारडी सारखी करायला लावतात, चिमूटभर असतो. 'पासंगालाही पुरत नाही' म्हणतो ना आपण? टनाच्या वजनाला पासंग म्हणणं हा त्या शब्दावर अन्याय आहे.

ओझरकर:
प्रतिभार चालेल. पण लोड सेंटरचं काय? उद्या छपाईला द्यायचंय.

निफाडकर:
चिमूटभर असो की टनभर, पासंगाचं काम तोल साधायचंच. आणि 'उलाळ'वर मी ठाम आहे.