काटा हिरव्यात आहे, एवढं पुरेसं नाही

एकांनी लिहिलंय की आग विझवायच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की सिलिंडर ठीक समजावा. पावडरच्या सिलिंडरपुरतं ते अर्धंच खरं आहे. दाब असला तरी होज (पावडर बाहेर सोडणारी नळी) तुंबलेला असू शकतो. आणि सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) सिलिंडरला काटाच नसतो! तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. आमच्याकडे भोसरीच्या वर्कशॉपमध्ये एक सिलिंडर लाल, चकचकीत, सील शाबूत, पण वजन केलं तर जवळपास रिकामा निघाला. तेव्हापासून मी वजनाची नोंद स्वतः बघतो.

सीओटू वापरताना पुढचा काळा भोंगा हातात धरू नका, हे नव्या मुलांना आवर्जून सांगा. वायू बाहेर पडताना उणे 78 अंशांपर्यंत थंड होतो, कातडी भाजल्यासारखी होते. दांडा असेल तर तिथेच धरायचं. विजेच्या पॅनेलच्या बंद खोलीत मारलात तर लगेच बाहेर या, तिथे श्वास कोंडतो.

6 किलोचा पावडरचा सिलिंडर साधारण 15-20 सेकंदच चालतो. म्हणून आधी बाकीच्यांना ओरडून बाहेर काढा, अग्निशमन दलाला 101 वर फोन करायला लावा, दार पाठीशी ठेवा, मगच पिन ओढा. मारा ज्वाळांच्या शेंड्यावर नको, बुडाशी करा. एका सिलिंडरमध्ये आग आटोक्यात आली नाही तर दुसरा शोधत बसू नका, बाहेर पडा. आणि अर्धा वापरलेला सिलिंडर परत खुंटीला टांगू नका, तो रिफिललाच पाठवा.